नव्या दुनळीवरचं कारखान्याचं तेल कसं काढावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. दाजीपूरच्या बाजूला तुमची शेती आहे, उसात रानडुकरं शिरतात, आणि पीक संरक्षणाच्या परवान्यावर तुम्ही बारा बोअरची नवी दुनळी बंदूक घेतली. खोकं उघडलं तर नळ्या पिवळसर चिकट तेलानं माखलेल्या आणि सांध्यात तर ते तेल मेणासारखं बसलेलं. दुकानदार म्हणाला, ‘दोन बार काढा, आपोआप जळून जाईल.’ चुलते म्हणाले, ‘पेट्रोलनं धुऊन टाक.’ यातलं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही ऐकू नका. मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो, आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात आजही लोक बंदुका घेऊन माझ्याकडे विचारायला येतात. नवी बंदूक बिघडलेली दिसली तर बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात. एक तर हे तेल काढलेलंच नसतं, नाहीतर काढल्यावर नवं तेल लावलेलं नसतं. आपल्या हवेत यातलं दुसरं जास्त नुकसान करतं.

हे तेल कारखान्यात लावतात ते साठवणीसाठी. बंदूक गोदामात किती महिने पडेल, कुठल्या ट्रकमधून कुठं जाईल, ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून त्यात गंजरोधक द्रव्य आणि थोडं मेण असतं. पातळ भाग उडून गेला की मागे चिकट पापुद्रा राहतो आणि हवा-पाणी लोखंडापर्यंत जाऊ देत नाही. ते काम तो चोख करतो. मात्र सरकत्या भागांना वंगण म्हणून तो निरुपयोगी आहे, कारण तो ओढ धरतो. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या खिळीच्या वाटेत तो साचला की पिन जोर हरवून टोपीवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागावर पोचते आणि काडतूस उडत नाही. चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाला तेल राहिलं तर त्याचं वेगळं संकट आहे. बार होताना काडतुसाची भिंत फुगून चेंबरला घट्ट धरते आणि मागे येणारा धक्का थोडा स्वतःवर घेते. भिंत तेलकट असेल तर ती पकड सुटते आणि तो सगळा जोर ब्रीचवर, म्हणजे नळ्यांच्या मागच्या लोखंडी भागावर, आणि बंदूक मिटवून धरणाऱ्या कुलपावर येतो. बारा बोअरच्या साध्या काडतुसाचा कमाल दाब युरोपीय मानकात ७४० बारपर्यंत (इथं ‘बार’ हे दाब मोजायचं एकक) धरलेला आहे, म्हणजे हा जोर किरकोळ नाही. आणि नळीत कुठं घट्ट गोळा राहिला असेल तर तिथं नळी कड्यासारखी फुगू शकते. फुगलेली नळी परत सरळ होत नाही.

‘जळून जाईल’ हेही खरं नाही. पातळ भाग धूर होऊन जातो, बाकीचा भाजून काळी वार्निश होतो, आणि त्यावर प्लॅस्टिकच्या वॅडचा, म्हणजे काडतुसात बारूद आणि छर्ऱ्यांमध्ये असलेल्या बुचाचा कचरा चिकटतो. जे काम आज फडक्यानं झालं असतं, त्याला मग ब्रश घेऊन बसावं लागतं.

पेट्रोलचा विषय तर इथंच संपवतो. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीनं पेट घेते. घरात देवघरात समई असते, स्वयंपाकघरात गॅस असतो, आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत तिथपर्यंत पोचते. थिनर आणि अॅसिटोनही नको. ते दस्त्याचं, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडाचं पॉलिश उतरवतात आणि प्लॅस्टिकचे भाग मऊ करतात. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किंवा तुमच्या गावच्या रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाईन मिळतं, तेच आणा. अर्धा लिटर पुष्कळ झालं. घरात जुनं रॉकेल शिल्लक असेल तर चालेल, फक्त त्याचा तेलकट ओलावा मागे राहतो, म्हणून नंतर कोरडं पुसणं जास्त नीट करावं लागतं. टर्पेंटाईनही पेट घेतंच, तेव्हा खिडकी उघडी, समई आणि उदबत्ती विझलेली, विडी-सिगारेट बंद, आणि हातात रबरी मोजे.

बाकी सामान साधं आहे. बारा बोअरच्या नळीत जाणारा सफाईचा गज, त्याच्या टोकाला लावायचा चिंधी धरणारा पितळी जॅग आणि लोकरीचा बोळा, म्हणजे मॉप, जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या भरपूर चिंध्या, एक मऊ टूथब्रश, बांबूच्या काड्या, गन ऑइल आणि चिमूटभर ग्रीस. टेरिकॉटची चिंधी वापरू नका, ती तेल शोषत नाही, नुसतं इकडून तिकडे पसरवते. कार्बन आणि शिसं काढायची महागडी सॉल्व्हंट आज लागत नाहीत. ती बार झाल्यानंतरच्या सफाईसाठी असतात.

बसण्याआधी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मग नळ्यांची तोंडं भिंतीकडे करून बंदूक मोडा, म्हणजे सांध्यावर वाकवून उघडा, दोन्ही चेंबरमध्ये डोळ्यानं बघा आणि बोट घालूनही बघा. नवी असली, दुकानातून सरळ आणलेली असली, तरी बघायचं. पोरांना खोलीबाहेर काढा.

आता फोर-एंड, म्हणजे नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा, वरची कळ फिरवा आणि नळ्या आकड्यावरून उचलून वेगळ्या करा. मालकानं उघडायचं ते एवढंच. ब्रीचच्या पोटातले स्क्रू काढू नका. आतली मेनस्प्रिंग ताणलेली असते, आणि घरातल्या पेचकसानं स्क्रूची खाच फाटली की ती कायमची फाटली. शिवाय दुरुस्तीचा परवाना वेगळा असतो, १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. साफसफाई तुमची, आतलं काम परवानाधारक गनस्मिथचं.

नळ्या सुट्या झाल्या की पहिलं फडकं कोरडंच फिरवा. टर्पेंटाईन लगेच ओतलं की दाट तेल पातळ होऊन दस्त्याच्या सांध्यात आणि पिनच्या भोकात उतरतं, आणि तिथून ते काढणं अवघड जातं. आधी जाड थर चिंधीनं उचला, खाचांमधला बांबूच्या काडीनं कोरून काढा. तेल निघालं की नळ्यांच्या खालच्या सपाट पट्टीवरचे नंबर आणि चाचणीचे शिक्के स्वच्छ दिसतील. नळीचा नंबर, ब्रीचचा नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर एकमेकांशी जुळवून घ्या. एखादा आकडा चुकला असेल तर तो आजच कळलेला बरा. नूतनीकरणाच्या वेळी तीच चूक निस्तरायला फार हेलपाटे पडतात.

मग नळ्या. गज नेहमी चेंबरकडून घाला आणि तोंडाकडून बाहेर काढा. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेली चिंधी दोनदा आरपार न्या आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. हे थांबणं टाळू नका, पापुद्रा सुटायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर कोऱ्या चिंध्या. पहिली पिवळट-तपकिरी निघेल. दुसरी-तिसरी करडी निघाली तर दचकू नका. विक्रीला काढण्याआधी प्रत्येक बंदुकीवर कारखान्यात चाचणीचे बार काढलेले असतात, त्याची काजळी तेलाखाली बसलेली असते. चिंधी जशी आत गेली तशीच बाहेर येईपर्यंत चालू ठेवा.

इथं घाई करणारे दोन जागा सोडतात. चेंबर संपून नळी सुरू होते तिथं एक छोटा उतार असतो, आणि तोंडापाशी चोक, म्हणजे नळीचा किंचित अरुंद केलेला भाग सुरू होतो तिथं दुसरा. नळीच्या मापाची चिंधी चेंबरमध्ये सैल पडते, त्यामुळं पहिल्या उताराअलीकडे ती भिंतीला टेकतच नाही. चेंबरसाठी मॉपवर जादा चिंधी गुंडाळून हातानं गोल फिरवा. चोकच्या अलीकडे गजानं ढकललेलं तेल कड्यासारखं जमतं, तिथं चिंधी पुढं-मागं चार-पाच वेळा घासा. मग नळी ट्यूबलाइटकडे धरून चेंबरकडून बघा. स्वच्छ नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक अखंड दिसतात, तोंडापर्यंत. कुठं वर्तुळ तुटून काळसर पट्टा दिसला तर तिथं तेल आहे. पट्ट्याऐवजी खरखरीत ठिपके दिसले आणि ते चिंधीनं हलत नसतील तर तो गंज आहे. अशी नळी फोटो काढून, बिलासकट दुकानात परत दाखवा. घासत बसू नका.

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे काडतुसाची कड उचलून वर ढकलणारा तुकडा. बोटानं तो बाहेर ओढा आणि त्याच्या पायाची खाच बघा. बहुतेक नव्या बंदुकांत तेलाचा सगळ्यात जाड गोळा तिथंच सापडतो, आणि त्यात कधी पॅकिंगच्या कागदाचा कपटाही असतो. टूथब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवून झटका, मग खाच घासा. हा तुकडा पूर्ण बसला नाही तर काडतूस अर्धा मिलिमीटर वर राहतं, बंदूक मिटताना जोर लागतो, आणि लोक तो जोर लावतात. नव्या दुनळीचे सांधे ढिले पडायला सुरुवात इथून होते.

ब्रीचचा सपाट चेहरा पुसताना त्यातली दोन भोकं दिसतील. फायरिंग पिनची तोंडं ती. त्यात काहीही फवारू नका, टर्पेंटाईनही नको, फवाऱ्याचं तेल तर मुळीच नको. फवारलेलं आत जाऊन तिथल्या जुन्या तेलात मिसळतं आणि दोन्ही मिळून घट्ट होतात. त्यापेक्षा सगळं पुसून झाल्यावर बंदूक जोडा आणि रात्रभर तोंड खाली, दस्ता वर अशी कपाटात उभी करा, खाली घडी घातलेलं वर्तमानपत्र. आतलं सैल तेल आपोआप ब्रीचच्या चेहऱ्यावर उतरतं. सकाळी मोडून बघाल तर दोन्ही भोकांखाली ओघळ दिसेल. पुसून परत उभी करा. ओघळ यायचा थांबेपर्यंत रोज हेच. इतकं करूनही रेंजवर टोपीवर हलका ठोका पडत असेल, काडतूस उडत नसेल, तर गनस्मिथकडे न्या. स्वतः घेऊन जा. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल तर तुमच्या सहीचं लेखी पत्र त्याच्याजवळ हवं.

तोंड खाली ठेवण्याला आणखी एक कारण आहे. दस्ता वरच्या दर्जाचा असेल तर अक्रोडाचा असतो, आणि लाकूड तेल पितं. बंदूक वर्षानुवर्षं दस्त्यावर उभी ठेवली की वरचं तेल ब्रीचमधून झिरपत मनगटापाशी, म्हणजे लाकूड सगळ्यात बारीक असतं तिथं मुरतं. तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि मग धक्क्यानं चिरतं. जुन्या वाड्यांमधल्या कितीतरी चांगल्या बंदुकांचे दस्ते नेमके याच जागी फुटलेले मी पाहिले आहेत. दस्त्याला गन ऑइल लावायचं नसतं. वर्षातून एकदा ‘बॉइल्ड’ म्हणून विकलं जाणारं जवसाचं तेल, तळहातावर चार थेंब, ऊब येईपर्यंत चोळायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं. जवसाच्या तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना गरम होतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. उन्हात पसरून कडक वाळवा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. टर्पेंटाईननं पुसलेलं लोखंड पूर्ण उघडं असतं. नळ्यांचा निळसर-काळा रंग म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, तो दिसायला छान आणि तेल धरून ठेवायला चांगला, पण एकटा गंज अडवत नाही. जून ते सप्टेंबर या काळात, त्यातही गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याच्या पट्ट्यात, उघडं लोखंड रात्रीतून तांबडं पडतं. म्हणून संध्याकाळी सफाई सुरू करून ‘उरलेलं उद्या’ असं करू नका. ज्या बैठकीत पुसाल त्याच बैठकीत तेल लावा. एवढा वेळ नसेल तर त्या दिवशी खोकं उघडूच नका, कारखान्याचं तेल आणखी आठवडाभर आनंदानं राखण करेल.

तेल किती? फडक्यावर तीन-चार थेंब, आणि त्या फडक्यानं सगळा बाहेरचा भाग पुसायचा. नळीवर मंद चकाकी यावी, बोट फिरवलं तर ओला माग उठू नये. नळीच्या आतून एक तेलाची चिंधी न्या, ती साठवणीसाठी. बार काढायच्या दिवशी आधी कोरडी चिंधी फिरवून नळी आणि चेंबर कोरडं करायचं, हे दर वेळी. नळ्यांचा आकडा ज्या पिनवर फिरतो तिथं मुगाच्या डाळीएवढं ग्रीस, फोर-एंडच्या लोखंडावर तेवढंच. झालं. गन ऑइल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल काही दिवस चालतं. खोबरेल, शेंगतेल, एरंडेल असलं कुठलंही खाद्य किंवा वनस्पती तेल लावू नका. हवेत ते घट्ट होत जातं आणि सहा महिन्यांनी तुम्ही आत्ता काढलं त्याहून वाईट चिकटा तयार असतो. डब्लूडी-४० पाणी हटवायला उत्तम, पावसात भिजलेल्या बंदुकीवर जरूर मारा, पण नंतर पुसून नेहमीचं तेल लावा. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर नळ्यांना लागू देऊ नका. आंबट पदार्थ नळीचा काळा रंग काही मिनिटांत उतरवतात आणि खाली पांढरं लोखंड दिसायला लागतं.

सफाई झाली की रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून ‘आवाज बघायचा’ मोह होतो. नकली काडतूस, म्हणजे स्नॅप कॅप, घातल्याशिवाय ओढू नका. समोर काही नसताना पिनचं टोक उगाच मार खातं. चाचणीचा बारही शेतात नको. मान्यताप्राप्त रेंजवर जा.

वापरलेलं टर्पेंटाईन मोरीत ओतू नका. बाटलीत भरून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. आपल्याकडे गटारात गेलेलं शेवटी पंचगंगेत जातं.

साठवणीबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण लोक त्यात चुकतात. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या खोळीत बंदूक कायमची ठेवायची नाही. खोळ ओलावा धरते, आणि चामड्यात कमावताना वापरलेले क्षार असतात. खोळ प्रवासापुरती. घरी कुलपाच्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि त्या पुड्या महिन्याला वाळवून. पावसाळ्यात दर आठवड्याला तेलकट फडकं फिरवा, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरे. पाहुण्यांनी हातात घेतली तर त्याच दिवशी पुसा. घामातल्या मिठानं बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजात उमटतात.

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. शस्त्रपूजा आपण मनापासून करतो आणि करावी. पण हळद-कुंकू, अक्षता आणि ओली फुलं नळीवर ठेवली की ओलावा तिथं रात्रभर बसतो, कुंकवातलं रसायन डाग पाडतं, आणि तांदळाचा कण एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत जातो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या बंदुकांवर हे डाग दर वर्षी असतात. कुंकवाचं बोट दस्त्याला लावा, फुलं बाजूला पाटावर वाहा, नळीखाली कोरडं वस्त्र अंथरा. आणि सोनं वाटायला बाहेर पडण्याआधी बंदूक पुसून, तेल लावून कपाटात ठेवा.

तुम्ही शेवटी भावाच्या .३२ रिव्हॉल्व्हरचंही विचारलंय. तत्त्व तेच. सिलेंडर बाहेर काढून प्रत्येक चेंबर वेगळं पुसायचं, कोरडं ठेवायचं, इजेक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली टूथब्रश फिरवायचा, कारण तिथं तेल आणि कचरा दोन्ही अडकतात. बाजूची झाकणपट्टी उघडायची नाही. घोड्याजवळच्या फटीत तेलाचा एक थेंब पुरतो, जास्तीचं तेल काडतुसाच्या टोपीत उतरून बारूद निकामी करू शकतं.

आणि पुतणीच्या एअर रायफलला यातलं काहीही करू नका. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांमुळं आपल्या जिल्ह्यात आता घराघरात एअर रायफल येते, आणि ‘नवी आहे, तेल काढून देतो’ म्हणून काका लोक पुढं होतात. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये खनिज तेल किंवा टर्पेंटाईन हवेच्या कोठीत गेलं तर दाबानं तापलेल्या हवेत ते पेट घेतं. त्याला डिझेलिंग म्हणतात. सील जळतो, स्प्रिंगला झटका बसतो. तिच्या नळीतून मापाच्या कोरड्या फेल्टच्या (नमद्याच्या) गोळ्या चार-पाच न्या, बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, आणि बाकी सगळं तिच्या प्रशिक्षकांवर सोडा.